रविवारची लांब सुई

चि. शिवशरण,
अनेक आशीर्वाद.

पुण्याला राहायला ये म्हणतोस, आणि मी दरवेळी गुडघ्यांचं कारण सांगते. खरं कारण भूमिका आहे. तुमचा घटस्फोट झाला तरी ती दर रविवारी हुपरीहून बसनं मला भेटायला येते आणि लोकरीचं विणकाम शिकवते. ट्युनिशियन क्रोशे म्हणतात त्याला. आकडीच्या लांब सुईवर ओळीतले सगळे टाके आधी गोळा करायचे, मग परत येताना एकेक सोडवायचा. माझी पहिली पट्टी भाजलेल्या पापडासारखी गुंडाळली. "आत्ती, हात सैल सोडा की!" म्हणत ती पोट धरून हसली; सासूला आत्ती म्हणायची सवय अजून आहेच तिला. या घरात तिला असं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

काल शेजारी नव्यानं राहायला आलेल्या बाई डोकावल्या. "पावणं कुठलं म्हणायचं?" भूमिकाची मान खाली गेली.

मी म्हटलं, "पावणं न्हाय, माझी लेक हाय."

जाताना अर्धी विणलेली शाल तिनं कपाटातल्या तिच्या जुन्या कप्प्यात ठेवली.

तुला वाईट वाटेल, म्हणून हे पत्र टपालपेटीत टाकणार नाही. मी मजेत आहे.

तुमची दोघांची,
अव्वा