सुरकुती न पडणारी चादर

१४ मार्च, शुक्रवार

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. फोन तू उचलत नाहीस, तेव्हा हे पत्र शेजारच्या ट्रकवाल्याच्या हाती देतेय. उद्या सकाळी तुला मिळेल.

तू आईसाठी पाठवलेली चादर झकास आहे. तिच्या काठाची पट्टी कापून मी आमच्या गिरणीच्या प्रयोगशाळेत तपासली. माझं काम तुला ठाऊकच आहे. कापडाची घडी घालायची, वर वजन ठेवायचं, मग वजन काढून घडी किती उलगडते ते बघत बसायचं. तुझी पट्टी जवळजवळ सरळ झाली. साहेब म्हणाले, "बाई, हे कापड झालं गेलं विसरतं हो."

आईने मात्र मला फैलावर घेतलं. "माझ्या लेकाच्या चादरीला कात्री लावलीस? हात कसा धजावला तुझा?" ज्या लेकाला तिने पुन्हा तोंड दाखवू नकोस म्हणून घराबाहेर काढलं, त्याच्या चादरीसाठी हे सगळं.

पण सुरकुती पडू नये म्हणून कापडाला जो लेप देतात, त्याने ते घाम पीत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ते वाईट. आईची पाठ सतत ओली राहून सोलली गेली, आता जखम चिघळलीय. साधी सुती चादर घालायला गेले की ती तुझी चादर दोन्ही मुठींत घट्ट धरते. म्हणते, "त्या मेलीला सुरकुत्या पडतात, टोचतात." तुला बोलवायचं नाही अशी शपथही घातलीय मला. हटवादी तुम्ही दोघं आणि मधल्या मध्ये मरण माझं. तुझा मला फार राग येतो.

परवा डॉक्टरांनी तिच्या सुजलेल्या पायावर अंगठा दाबला आणि बघत बसले. माझंच काम ते. पडलेला खड्डा भरून आला नाही.

आज सकाळी मी चादर बदलली. तिने धरली नाही. मुठी उघड्याच होत्या. मी म्हटलं, "आई, ओरड की गं." ती नुसती बघत राहिली.

तुझी चादर धुतली, वाळवली, आत्ता दोरीवरून काढून आणली. डागही निघाले. एक सुरकुती नाही. तिच्यावर कधी कोणी झोपलं होतं असं वाटतच नाही.

पत्र वाचशील तिथून निघ.

आईची शपथ मोडून,
तुझी ताई