अठरा किलोच्या आत

आवळीपाडा, ता. पालघर
१६ जानेवारी २०२५

प्रिय ठकीबाय,

रामराम. आम्ही बरे आहोत, तुम्हीही बरे असाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. तू माझा फोन उचलत नाहीस, तेव्हा हे पत्र उत्कर्षाच्या हाती पाठवते आहे. ती बोईसरला कारखान्यात जाते, तुझी चाळ तिच्या वाटेवरच आहे. तिच्यावर ओरडू नकोस, तिला यातलं काही माहीत नाही.

आईचा खोकला कमी आहे. वाल यंदा बरा धरला. भावजींची जखम भरत आली असं ऐकलं. तीन बोटं म्हणजे थोडी गोष्ट नाही. तू रखमाबाईला रोज शिव्याशाप देतेस असंही कानावर आलं. देऊ नकोस. का ते सांगते, पण मला क्रमाने सांगू दे, नाहीतर मधेच पेन खाली ठेवीन.

वसतिगृहाचं तुला ठाऊक आहे. आईबाप वीटभट्टीवर गेले तरी पोरं पाड्यातच राहावीत, शाळा सुटू नये, दोन वेळा पोटभर जेवावीत, म्हणून आम्ही बायकांनी शाळेच्या दोन खोल्या मागितल्या. चार वर्षं नुसते अर्ज. यंदा सरकारची मंजुरी आली. तांदूळ, डाळ, तेल आणि स्वयंपाकाच्या बाईचं मानधन. बत्तीस पोरं झाली. रखमाबाई स्वयंपाकाला, आणि कागदपत्रं लिहिणारी पाड्यात मी एकटी.

दर महिन्याला पोरांची वजनं घेऊन वर पाठवायची असतात. मी शहाणी, त्याच्यावर कडी केली. भिंतीवर मोठा कागदी फलक लावला, नाव, वय, वजन. साहेब आले की त्यांना दिसावं, पोरं कशी बाळसं धरताहेत. डिसेंबरात भावजी आले, चहा प्यायले, म्हणाले, "झ्याक लिवलंस गो. उभी ऱ्हा बाजूला, फोटू काढतो." मी उभी राहिले, दात काढून.

भावजींसारख्या भट्टीच्या मुकादमाला पोरांची वजनं कशाला हवीत हे आपल्या दोघींना नाही कळणार तर कुणाला? ओल्या विटा उलटायच्या तर त्यांच्यावरून चालावं लागतं. मोठ्या माणसाच्या पायाखाली वीट मोडते, हलक्या पोराच्या मोडत नाही. मी सात वर्षांची होते. माझा पाय रुतला, तीन विटा गेल्या. शेठने फळी उचलली आणि तू मधे आलीस. तुझ्या कानातून रक्त वाहत होतं आणि तू मला सांगत होतीस, "रडू नको, विटेवर पानी पडल." त्या कानाने तुला अजून ऐकू येत नाही. आणि मी तसल्याच हलक्या पोरांची यादी माझ्या हाताने, वळणदार अक्षरात, भिंतीवर लावली.

६ तारखेला दुपारी पोरं पंगतीला बसली होती. टेम्पो आला. भावजी आणि दोन गडी उतरले. मोबाईलवरचा तो फोटो बघून भावजी नावं वाचायला लागले. अठरा किलोच्या आतली सहा पोरं. "यांच्या आयबापांनी बोलवलंय," म्हणाले. मी म्हटलं, आईबापांना समोर आणा. त्यांनी माझ्या थोबाडीत दिली. मी भिंतीवर आपटले.

गड्यांनी पोरं दंडाला धरून ओढली. ताटं उधळली. रखमाबाई डाव घेऊन दारात आडवी झाली, तर भावजींनी तिच्या पोटात लाथ घातली. ती डाळीच्या पातेल्यावर पडली, तिची मांडी भाजली. पाच पोरं टेम्पोत कोंबली. सहावी लखी, आपल्या पाड्यातल्या कैलासची मुलगी, सहा वर्षांची, चौदा किलो. ती भावजींना कडकडून चावली. त्यांनी तिला केसांना धरून उचललं आणि टेम्पोच्या मागच्या लोखंडी फाळक्यावर आपटलं. एकदा नाही, दोनदा. तिचा हात मोडल्याचा आवाज मी ऐकला.

इथवर पोलिसांनी तुला सांगितलं असेल. पुढचं त्यांनी लिहिलंय ते खोटं आहे.

चुलीपाशी लाकडं फोडायचा कोयता होता. भावजींनी तिसऱ्यांदा तिला उचललं, दुसऱ्या हाताने फाळका धरला होता. मी त्या हातावर कोयता घातला. मी, ठकीबाय. रखमाबाईने नाही. बोटं मातीत पडली आणि गडी पळत सुटले. आम्ही पोरं खाली उतरवली.

पोलीस आले तोवर रखमाबाईने कोयता माझ्या हातातून काढून घेतला होता. "मी मारला हाय, लिवून घ्या," म्हणाली. त्याआधी माझ्या कानाशी एवढंच बोलली, "तू गेलीस त पोरांचा कागद कोन लिवल? सरकार उद्या कुलूप लावल."

मी गप्प बसले. दहा दिवस झाले, ती भाजलेली मांडी घेऊन कोठडीत आहे.

भावजींना कुणी मारलं ते ठाऊक आहे. तरी त्यांनी रखमाबाईचं नाव सांगितलं. का, ते चार दिवसांनी गडी निरोप घेऊन आला तेव्हा कळलं. सहा पोरं गुपचूप दे, नाहीतर खरं नाव सांगतो. तुझ्यापासून काय लपवू, मी हजेरीच्या वहीत त्या सहा नावांवर पेन टेकवलं होतं. रेघ मारली नाही, पण टेकवलं होतं.

लखी आता हात गळ्यात बांधून पंगतीला बसते आणि ओकेपर्यंत जेवते. मी काल रागावले. ती म्हणाली, "बाई, मना अठरा किलो व्हायचंय." मी बाहेर जाऊन हमसून हमसून रडले. मग फलक फाडून चुलीत घातला.

उद्या सकाळच्या एसटीने मी पोलीस ठाण्यात जाते आहे. सगळं सांगणार, निरोपाचंसुद्धा. मला आत घेतील. रखमाबाई सुटेल, पण तिला लिहिता येत नाही, आणि पंधरा दिवस कागद गेला नाही तर तांदूळ थांबेल.

तू सातवी शिकलीस. तू ये.

कुणाच्या तोंडाने मागते आहे, ते मला कळतं. तुझी चूल त्या हातावर चालत होती. त्याच हाताचे वळ मी तुझ्या पाठीवर पाहिलेत आणि तू दरवेळी मला म्हणालीस, पडले होते. बोटं गेल्याचं मला वाईट वाटत नाही, तुझं वाटतं. माफी मागत नाही, कारण लखीला पुन्हा कुणी उचललं तर मी पुन्हा मारीन. तुझी पोरंही आण, इथे जेवतील. वह्या पत्र्याच्या पेटीत आहेत, किल्ली आईजवळ.

तू मार खाऊन वाचवलेली आणि तुझ्या नवऱ्याची बोटं तोडणारी,
तुझी धाकटी,
प्रियंका