अंदमानला जायचं ठरलं होतं

आई,

तू शाळेतून निवृत्त झालीस त्या वर्षाबद्दल मला तुझ्याशी बोलायचंय. सत्त्याण्णवचा एप्रिल. निरोपसमारंभातली शाल तू खुर्चीवर टाकलीस, पदर खोचलास आणि स्वयंपाकघरात शेगडीच्या वरच्या भिंतीवर अंदमान-निकोबारचा नकाशा चिकटवलास. मी म्हटलं, "आई, तिथं फोडणी उडते." तू म्हणालीस, "उडू दे. मला भाकरी थापताना बघायचाय." तीस वर्षं तू मुलींना भूगोल शिकवलास. द्वीपसमूह म्हणजे काय, हे फळ्यावर खडूचे ठिपके काढून सांगायचीस. त्या वर्गात मीही बसलेय. आणि स्वतः मात्र एकही बेट पाहिलं नव्हतंस. समुद्र पाहिलास तो दोनदाच, गगनबावड्याचा घाट उतरून, शाळेच्या सहलीबरोबर, आणि दोन्ही वेळा मुलींवर लक्ष ठेवण्यातच तुझा दिवस गेला.

बाबा जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. घरात आपण दोघी. मला पाटबंधारे खात्यात नोकरी लागून चार वर्षं झाली होती, मी सत्तावीसची होते आणि लोकांसमोर नीट दिसण्याची मला फार काळजी असायची. तू जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसायचीस. कोल्हापूरहून मिरज, मिरजेहून बंगळूर, तिथून मद्रास, आणि मद्रासहून तीन दिवस जहाज. जहाजाच्या कचेरीला तू पत्र लिहिलंस, वनखात्याला लिहिलंस, उत्तर आलं नाही म्हणून परत लिहिलंस. समुद्र शांत असतो म्हणून जानेवारी ठरवलास. तिथं तुला बघायचं होतं ते म्हणजे नारळ फोडून खाणारा खेकडा, पालापाचोळ्याचा ढीग करून त्यात अंडी पुरणारा पक्षी, आणि सगळ्यात जास्त म्हणजे ती समुद्रगाय. पाण्याखालच्या गवतावर जगणारा, माणसाच्या दुप्पट लांबीचा, गरीब चेहऱ्याचा प्राणी. त्याचं चित्र तू शाळेच्या वाचनालयातल्या पुस्तकावरून पेन्सिलीनं उतरवून आणलं होतंस.

कोडोलीचा मामा आला की तुमची जुंपायची. "आक्का, म्हस बघायला तीन दिस जहाजातनं? माझ्या गोठ्यात चार हायत की!"

"तुझ्या म्हशी पाण्याखाली चरतात काय रे?"

"न्हाय. पर दूध देत्यात."

तू इतकी हसलीस की चहा सांडला.

मग एक दिवस वनखात्याचं पत्र आलं. तळाला काच लावलेल्या होड्या असतात, त्यातून प्रवाळ बघता येतं, असं त्यात होतं. तू ते दोनदा वाचलंस आणि म्हणालीस, "काचेतनंच बघायचं तर इथं टीव्ही काय वाईट आहे? मी पाण्यात तोंड घालून बघणार. मी पोहायला शिकतो." वर्गात तू स्वच्छ 'जाते, येते' म्हणायचीस, पण घरात आपल्याकडच्या सगळ्या बायकांसारखी 'जातो, येतो' वर यायचीस, आणि तसं बोललीस की मला कळायचं, आता ही ऐकायची नाही.

अठ्ठावन्नाव्या वर्षी तू मामाच्या विहिरीत उतरलीस. माझा जुना पंजाबी ड्रेस, पाठीला बांधलेला पत्र्याचा रिकामा डबा, डोक्याला फडकं. मामा काठावर कासरा धरून उभा. "आक्का, ह्या वयात हिरीत? लोकं काय म्हणतील?" तू पायरीवरूनच म्हणालीस, "हीर तुझी हाय, लोकांची न्हाय. दोर धर नीट." पहिल्या दिवशी तू नाकातोंडात पाणी जाऊन वर आलीस आणि तासभर खोकत होतीस. मला वाटलं, संपलं. पण पुढच्या रविवारी तू परत एस.टी. धरलीस. दर रविवारी. मी सोबत यायचे, कारण तू एकटी गेलीस तर मामा मला बोलला असता. आणि विहिरीकडे पाठ करून आंब्याखाली मासिक वाचत बसायचे.

चौथ्या की पाचव्या रविवारी डबा सोडून तू विहीर आरपार पोहून गेलीस. मी पाठमोरी होते, आवाज ऐकून वळले. तू पलीकडच्या कपारीला धरून उभी आहेस, ओले केस कपाळाला चिकटलेत, आणि मोठ्यानं ओरडतेयस, "अगं, बघितलंस का? बघितलंस का मला?" काठावर शेजारच्या मळ्यातल्या बायका जमल्यात, तोंडाला पदर लावून हसतायत. त्यातली एक म्हणते, "बाई लई धाडसाच्या की वो." ती कौतुकानंच म्हणाली असणार, आज मला तसंच वाटतं. पण त्या वेळी माझे कान तापले. मी म्हणाले, "आई, बास झालं आता. वर ये. शोभत नाही हे." तू वर आलीस. टॉवेल घेतलास. एस.टी.त खिडकीशी बसून तू रस्ताभर बाहेर बघत होतीस. तुझ्या शाळेत एखादी मुलगी नापास झाली तरी तू तिला मी बोलले तितक्या कोरड्या आवाजात बोलली नसशील.

दिवाळीनंतर माझं लग्न ठरलं. मंगळवार पेठेतलं व्यापारी घर, धान्याचं दुकान, रीतीभातीची माणसं. सुपारी फुटली त्या दिवशी होणाऱ्या सासूबाई हसत हसत म्हणाल्या, "विहीणबाई पोहतात म्हणे? आणि जहाजानं कुठं निघाल्यात?" तू उत्साहानं सांगायला लागलीस. समुद्रगाय, खेकडा, सगळं. त्या ऐकत होत्या आणि मधेच त्यांनी आपल्या जावेकडे बघितलं. एवढंच. मी ते बघणं उचललं आणि घरी घेऊन आले.

जहाजाची तिकिटं आली होती, दोन. माझ्या रजेचा अर्ज साहेबांनी त्याच आठवड्यात मंजूर केला होता. कागद माझ्या पर्समध्ये होता. तू भाकरी थापत होतीस. मी दारात उभी राहून म्हणाले, "आई, रजा नाही मिळत. साहेब नाही म्हणाले."

तुझे हात थांबले. "विचारून बघ की परत. एप्रिलपासून ठरवलंय."

"विचारलं. नाहीच म्हणतात."

"बरं. मग मी एकटी जातो."

तू तसं म्हणशील हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी घाबरले आणि जे तोंडात आलं ते बोलले. "आणि तुला तिथं काही झालं तर? मेमध्ये लग्न आहे माझं. बाबा नाहीत. तुला एकदा तरी माझा विचार करता येतो का?" भाकरी तव्यावर करपली. तू ती काढून बाजूला ठेवलीस आणि दुसरी थापायला घेतलीस. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी घरी आले तेव्हा तिकिटं परत पाठवल्याचं तू सांगितलंस, साध्या आवाजात, दूध नासलं असं सांगावं तसं. "पुढच्या वर्षी बघू," एवढं वर म्हणालीस.

लग्नाच्या पुढच्या वर्षी माझी मुलगी झाली. बाळंतपण तू केलंस, नंतर तिला तूच सांभाळलंस, कारण माझी नोकरी होती. तिच्यामागं पळताना तुला दम लागायला लागला. पायऱ्यांवर थांबायचीस आणि बाहेरचं काहीतरी बघायला थांबल्यासारखं करायचीस. डॉक्टरांनी हृदय मोठं झालंय म्हणून सांगितलं. दोन हजार तीनच्या पावसाळ्यात तू गेलीस.

रक्षाविसर्जनानंतर साहेब घरी भेटायला आले होते. तेही निवृत्त झाले होते. पाणी पिऊन म्हणाले, "तुमच्या आईंचं अंदमान राहिलंच की हो. मला मंडईत भेटल्या होत्या त्या वर्षी. मी म्हटलं, मुलीला रजा दिलीय मी, कधी निघताय? तर म्हणाल्या, माझाच गुडघा धरलाय, म्हणून रद्द केलं." माझा नवरा, सासूबाई, सगळे तिथं बसले होते. मी साहेबांना म्हणाले, "हो, गुडघाच दुखत होता तिचा."

म्हणजे तुला माहीत होतं. लग्नाच्या आधीपासून माहीत होतं. माझ्या हळदीला, ओटीभरणाला, मुलीला तेल लावून अंघोळ घालताना, कायम. मी किती वेळा आठवून बघितलं की कुठं तुझ्या तोंडून एखादा टोमणा, एखादा वाकडा शब्द आला होता का. तू भांडली असतीस तर बरं झालं असतं. मंडईत भाजीच्या पिशव्या हातात घेऊन तू माझ्या साहेबांसमोर माझी अब्रू झाकलीस आणि घरी येऊन मला विचारलंस, मेथी करू का पालक.

या जानेवारीत आम्ही अंदमानला जाऊन आलो. विमानानं; मद्रासहून दोन तास लागतात फक्त. माझी मुलगी आता दहा वर्षांची आहे. मी जायचं ठरवलं ते तुझ्यासाठी, असं मी स्वतःला आणि नवऱ्यालाही सांगितलं होतं. तिथं पोचल्यावर पाणी बघून रडू येईल, म्हणून रुमालही हाताशी ठेवले होते. समुद्रगाय दिसली नाही. नावाडी म्हणाला, त्यालाही वर्षानुवर्षं दिसलेली नाही. पण मला त्यानं रबरी कडं धरायला दिलं, चष्मा लावला आणि पाण्यात तोंड घालायला सांगितलं. निळे, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे माझ्या हातांमधून जात होते. मी परत परत तोंड घालत राहिले, ओठ निळे पडेपर्यंत, आणि मुलगी होडीतून ओरडत होती, "आई, पुरे, आता माझी पाळी!"

हे पत्र तुला पोचणार नाही म्हणूनच हे लिहिता येतंय. रडू आलं नाही, आई. मी तिथं फार आनंदात होते. पहिले दोन दिवस तर मला तुझी आठवणही झाली नाही.