बादलीतलं लाल पाणी

आई, शेंगदाण्याची सालं आता भट्टीत घालत नाहीत. विकत घेतात. त्यांचा अर्क तेलात घातला की तेल लवकर खवट होत नाही. मी काम करते त्या प्रयोगशाळेत सालांची पोती येतात आणि प्रत्येक पोत्यावर चिठ्ठी असते: धुऊ नये. ती चिठ्ठी लावायला मीच सांगितलं.

चंदनसार गावातल्या शेडमध्ये तू भाजलेले दाणे चोळून सोलायचीस. घरी यायचीस तेव्हा केसांत, पदराच्या काठात ती लाल सालं असत. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी ती मागितली, तेव्हा तुझ्या शेजारी बसणारी बाई म्हणाली, "पोरगी एवढी शिकली आनि शेवटी आमचाच कचरा मागते?" तू हात न थांबवता म्हणालीस, "मागते तर मागते. तुझ्या सुनेनं कधी पुस्तक तरी मागितलं का?" सगळ्या हसल्या. ती बाईसुद्धा.

सालांची पिशवी घरी आली तो रविवार. टँकर आदल्या दिवशी येऊन गेला होता, पुढचा कधी येईल ते कुणालाच माहीत नव्हतं. मी आगाशीला मैत्रिणीकडे गेलेली. तू मोठ्या पातेल्यात पाणी उकळतेस, सालं त्यात बुडवतेस, निथळतेस, पुन्हा बुडवतेस. गच्चीवर चादर पसरून वाळवतेस. संध्याकाळी मी येते तेव्हा पिशवी तोंड बांधून दाराशी तयार असते. मी ती उघडून पाहत नाही.

प्रयोग साधा होता. सालं स्पिरिटमध्ये भिजवायची आणि तो अर्क जांभळ्या द्रावणात थेंब थेंब सोडायचा. सालात गुण असेल तर जांभळा रंग उडून पिवळा होतो. माझं द्रावण जांभळंच राहिलं. सरांनी दोनदा करायला लावलं, मग म्हणाले, "यावर प्रकल्प उभा राहणार नाही. आठवडाभरात दुसरा विषय बघा." विषय बदलणं म्हणजे वर्ष जाणं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

घरी आल्यावर मी तुला विचारलं आणि तू सांगितलंस, धुतली म्हणून.

"कोणी सांगितलं होतं धुवायला?"

"पायाखालची सालं ती. तशीच नेली असतीस तर सर काय म्हनले असते? आईनं घान दिली पाठवून?"

"माझं वर्ष घालवलंस तू."

तू माझं ताट वाढलंस. तुझं वाढून घेतलं नाहीस.

सकाळी मोरीत बादली होती. आपल्याकडे पाणी ओतून देत नसत. सालं धुतलेलं पाणी तू संडासासाठी ठेवलं होतंस. ते चहापेक्षा गडद, लाल होतं. मी बाटली भरून घेतली. कॉलेजात त्याचे तीन थेंब टाकले आणि जांभळा रंग पाहता पाहता उडाला. सर खुर्चीतून उठून आले. "पाण्यात उतरतंय की सगळं. मग स्पिरिट कशाला?" प्रकल्प त्याच पद्धतीवर झाला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी विचारलं, पाण्याचं कसं सुचलं? मी म्हटलं, सहज.

तुला मी एवढंच सांगितलं की विषय बदलावा लागला नाही. त्यानंतर तू दर पिशवी देताना म्हणायचीस, "बघ बाई, हात नाही लावला." पास झाल्याचे पेढे वाटतानाही शेजारणीला म्हणालीस, "मी एकदा नासवलं होतं तिचं, तरी झाली." मी तिथेच उभी होते, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण त्याआधी, वर्ष घालवलंस म्हणाले ते मागे घ्यावं लागलं असतं. पुढे तू आजारी पडलीस, तेव्हाही वेळ होता.

हा कागद मी कामाच्या वहीत ठेवणार आहे. तो कुणाला दाखवण्यासाठी नाही. मी बाटली भरून नेली त्या दिवशी संध्याकाळी तू मोरीतून हाक मारून विचारलं होतंस, "बादलीतलं पानी कमी कसं झालं गं?" मी म्हटलं, सांडलं. तू म्हणालीस, "जपून गं. पानी आहे ते."

सांडलं नव्हतं, आई.