मुटकुळी घरी आल्यापासून

४ ऑगस्ट
कल्याणला डॉ. मॅडमकडे. स्कॅन दाखवला. सुहासची फुफ्फुसं खालून आखडत वर चाललीत. एकदा आखडलं की ते परत सुटत नाही म्हणे. सु.ने विचारलं, "किती दिवस?" मॅडम म्हणाल्या, "तसं आम्ही सांगत नाही." म्हणजे सांगितलंच की.
स्टेरॉइड चालू, शिवाय एक गोळी. तिने अंगातली प्रतिकारशक्ती कमी होते, तर जपा. बाल्कनीला जाळी लावायची, कबुतर फिरकता कामा नये. कुत्रा नाही, मांजर नाही.
नोकरी सुटल्यावर कुत्रा पाळायचा होता त्याला. टिटवाळ्याला घरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला.

११ ऑगस्ट
नदीकडच्या नव्या बिल्डिंगमधून फोन. पार्किंगमध्ये नाग. इतकी वर्षं गावात कुठेही साप निघाला की फोन आमच्याच घरी. सु. सवयीने उठला, काठी घेतली, निघाला. जिन्याच्या पहिल्याच वळणावर बसला. ओठ निळे.
दत्तूला मी फोन केला. ह्यानेच साप पकडायला तयार केलेला पोरगा, मोहन्याला राहतो, आता स्वतःच दोन मुलांचा बाप. नाग पकडून, लांब सोडून, मग वर आला. सु.ने सगळं खोदून विचारलं. केवढा होता, फणा कसा काढला, पोटात भक्ष्य होतं का. दत्तू सांगताना माझ्याकडे बघत होता, त्याच्याकडे नाही.
तो गेल्यावर म्हणाला, "वृंदा, काठी माळ्यावर टाक."
टाकली नाही. दाराआड आहे.

२ सप्टें.
आता घरात चोवीस तास ऑक्सिजनचं मशीन. त्याची लांब नळी खोल्याखोल्यांतून. मी दोनदा अडखळले.
जेवताना म्हणाला, "केस नाहीत, पिसं नाहीत, आवाज नाही. डॉक्टरीणबाईंना काही हरकत असणार नाही."
"कशाची?"
"अजगराची."
मला वाटलं डोक्यात ऑक्सिजन कमी पडतोय. तसं नाही. आपल्याकडचे साप घरात ठेवायचे नाहीत, गुन्हा आहे, ते मलाही माहितीय. हा आफ्रिकेतला, छोटा. बॉल पायथन म्हणतात. घाबरला की चावत नाही, डोकं आत घेऊन गोळा होतो. कागदपत्रं असली, वनखात्याच्या पोर्टलवर नोंद केली की रीतसर पाळता येतो.
मी म्हटलं, आयुष्यभर तुझ्या शर्टांचा धामणीचा वास वेगळ्या बादलीत धुतला, आता घरातच आणतोस?
हसला. हसताना खोकला. मग बराच वेळ खोकलाच.

१४ सप्टें.
डोंबिवलीला गेलो, पूर्वेला. छोटा सिलिंडर माझ्या खांद्याला. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, आतल्या खोलीत भिंतभर प्लॅस्टिकचे खण, प्रत्येकात एकेक. उबट, लाकडाच्या भुशाचा वास. मालक तिशीचा, हाफ पँटीत. आधी एक पिवळाधमक काढला. फार देखणा. पण डोकं सारखं थरथरत, वाकडं होत होतं.
"काका, हा फास्ट जातो. एकदम हटके."
"डोकं का हलतंय?"
"त्याची स्टाइल आहे ती."
"जन्माचा आजार आहे तो," सु. म्हणाला. "ह्या रंगासाठी पैदास करता, आणि हे त्याच्याबरोबर येतं." मालकाने तो परत खणात ठेवला.
मग साधी, तपकिरी, मातीसारखी एक मादी. सु.ने तिचं तोंड बघितलं, डोळे, पोटाखालचे खवले, शेपटीपर्यंत बोट फिरवलं. स्वतः खाते का, काय खाते ते विचारलं. समोर खायला घालायला लावलं. पंधरा दिवसांनी न्यायला येतो म्हणाला. निघताना परत हातात घेतली आणि कानाला लावली. मला कळेना काय करतोय.
"श्वास ऐकतोय. फुफ्फुस खराब असेल तर घरघर येते."
त्याच्या स्वतःच्या छातीतली करकर मला दोन हातांवरून ऐकू येत होती.
"स्वच्छ आहे हिचं," म्हणाला.

२८ सप्टें.
आणली. टाकी, खाली चटईसारखा हीटर, लपायला उपडं मडकं, पाण्याचं भांडं. गेली ती मडक्यात, मुटकुळं करून बसली. केतकीला व्हिडिओ कॉल केला, बेंगळुरूला. "बाबा, मुटकुळी आहे ही तर!" तेच नाव पडलं.
पोर्टलवर नोंद करताना मालकाचं नाव विचारलं. सु. म्हणाला, "वृंदाचं नाव घाल. पंचवीस-तीस वर्षं जगतात हे. परत नाव बदलायला कशाला लागावं?"
मी चहा टाकायला आत गेले.

१९ ऑक्टो.
फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी डबा. डब्यात पांढरे उंदीर, गोठवलेले. गरम पाण्यात सोडायचे, चिमट्याने धरायचे. मी बघत नाही. आज बघितलं. इतकी थंड बसलेली असते आणि एका क्षणात झडप. मग गुंडाळून घट्ट धरून बसली. सु.चा चेहरा! किती महिन्यांनी असा.
दुपारभर टी-शर्टच्या बाहीत घेऊन बसतो. त्याच्या अंगाच्या उबेला येते. नळी नाकात, साप बाहीत. शेजारच्या काकू साखर मागायला आल्या त्या दारातूनच परत. साखर नको म्हणाल्या.

७ नोव्हें.
शुक्रवार. दुरुस्तीसाठी लाईट बंद. इन्व्हर्टर फक्त ऑक्सिजनच्या मशीनला पुरतो. दोन गरम पाण्याच्या पिशव्या केल्या. एक सु.च्या पाठीला, एक टाकीखाली. तो म्हणाला, "आता जमायला लागलं तुला." चिडले. का चिडले ते

१८ नोव्हें.
सु.ला ताप. पोट बिघडलंय. काल चिकन खाल्लं त्याने असेल.

२१ नोव्हें.
कल्याणला ॲडमिट. जुलाबात रक्त. ताप उतरत नाही. डॉ. मॅडमनी रक्त तपासायला पाठवलं.
मग विचारलं, "घरात काही पाळलंय? कासव, मासे, पक्षी?"
सु. मास्कमधून माझ्याकडे बघत होता. मान अगदी थोडी हलवली. नको.
मी म्हटलं, "साप आहे."
मॅडमनी पेन खाली ठेवलं.

२३ नोव्हें.
साल्मोनेला. रक्तात गेलाय. सापाच्या, कासवाच्या अंगावर असतो हा जंतू, त्यांना काही होत नाही. मॅडम म्हणाल्या, "सापापासून आला की चिकनमधून, मी सांगू शकत नाही. पण ह्या औषधांवरच्या माणसाने साप हाताळायचाच नसतो. मला सांगितलं का नाहीत?"
सु. म्हणाला, "तुम्ही कुत्रा-मांजर म्हणालात. साप विचारलाच नाहीत."
नर्स हसली. मॅडम नाही हसल्या. मीही नाही.
त्या गेल्यावर मला म्हणाला, "सांगायला नको होतंस."

२४ नोव्हें.
के.चा फोन. "आई, ते आधी घराबाहेर काढ. आजच्या आज. कुठेही सोडून ये."
दत्तू म्हणाला, "सोडता नाय येणार वहिनी. इकडची नाय ती, मरेल, नायतर इथल्या सापांना काही रोग लावेल. मी नेतो मोहन्याला. भाऊला मी काय सांगू?"
"मी सांगते."
टाकीसकट नेली. टेबलावर चौकोनी डाग राहिलाय. घासून घासून फरशी पुसली. हातांना फिनेलचा वास.

२ डिसें.
सु. घरी. रिकाम्या टेबलाकडे बघितलं. मी आपणहून सांगितलं. "बरं," म्हणाला.
ऑक्सिजन आधी दोन लिटरवर होता, आता पाचवर.

९ डिसें.
दोन घास. कालही दोनच. टीव्ही नको, पेपर नको. दत्तू येऊन गेला, नव्या कॉलचं सांगत बसला, घोणस कशी निघाली वगैरे. सु.ने डोळे मिटून घेतले. दत्तू जिन्यात रडला. "भाऊ ऐकत पण नाय ओ वहिनी."

१२ डिसें.
डॉ. मॅडमना फोन केला. सरळ विचारलं, किती उरलेत, आता तरी सांगा. म्हणाल्या, "पावसाळा दिसेल असं वाटत नाही."
मग मी दुसरा प्रश्न विचारला. वेगळ्या खोलीत, बंद टाकीत, हात फक्त मी लावला, हातमोजे घालून, तर?
"मी हो म्हणणार नाही, वृंदाताई."
"नाही पण म्हणू नका."
"हात साबणाने धुवा, कोपरापर्यंत," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

१४ डिसें.
दत्तू मुटकुळीला घेऊन आला. के.च्या खोलीत ठेवली. उंबऱ्यावर सु.ची खुर्ची, तिथून आत यायचं नाही. के.ला कळवलं. तिने फोन कापला. तिचं चूक नाही. माझंही

२१ डिसें.
खात नाही. सु. म्हणतो, जागा बदलली, थंडी आहे, रुसतात ह्या, महिनोन्महिने उपाशी राहू शकतात. मी चिमट्यात उंदीर धरून उकिडवी, तो उंबऱ्यावरून, धापा टाकत, तुकड्या-तुकड्यांत:
"वरून नको. वरून घार येते. खालून ने... हलव... अगं, इतकं नाही, उंदीर आहे तो, गोंधळ नाही घालत."
हसू आलं मला. त्यालाही. मुटकुळीने मान फिरवली. मी उंदीर फेकून दिला. पण सु.ने आज पोळी अख्खी खाल्ली.

३ जाने.
आजही नाही. हातात मात्र घेतली, आयुष्यात पहिल्यांदा. हातमोज्यातूनही कळतं, आत सगळी ताकदच आहे. गार असेल वाटलं होतं, तशी नव्हती. मनगटाला वेढा घातला. सु. खुर्चीतून टक लावून बघत होता.
"मणका सांभाळ तिचा. लोंबकळू नको देऊस."
"तुला हेवा वाटतोय ना?"
"हो," म्हणाला.

१० जाने.
सकाळी ऑक्सिजन वाढवूनही बोटावरचं मशीन पंच्याऐंशीच्या वर जाईना. ॲम्ब्युलन्स. बिल्डिंगमधली दोन पोरं खुर्चीसकट त्याला खाली उतरवत होती, त्याने मागे वळून काहीतरी म्हटलं. मला वाटलं गॅस बंद कर म्हणाला. परत वर जाऊन बघितलं, बंदच होता.
आयसीयू. घट्ट मास्क, मशीन हवा आत ढकलतं. बोलता येत नाही. के. निघालीय.

१२ जाने.
अंघोळीला घरी आले. मुटकुळी मडक्याबाहेर, जीभ काढत होती. उंदीर पाण्यात सोडला. खालून नेला, थोडासाच हलवला. घेतला. इतक्या जोरात की चिमटा हातातून सुटला.
मी फरशीवर बसून राहिले. मग आयसीयूत फोन लावला. नर्सला म्हटलं, "सुहासना सांगा, खाल्लं म्हणून."
"कोणी खाल्लं?"
"एवढंच सांगा. त्यांना कळेल."
"बरं, ताई. इथे सीरियस पेशंट आलाय, बघते."
सांगितलं की नाही, माहीत नाही. संध्याकाळी गेले तेव्हा गुंगीत होता. मीही कानात सांगितलं. पापणी हलली, ती मशीनमुळेही असेल.

१३ जाने.
के. आली. मला मिठी मारली, मग तिच्या खोलीचं दार उघडून बघितलं, परत लावून घेतलं. सोफ्यावर झोपली.
मॅडम म्हणाल्या, मास्कने भागत नाहीये. घशात नळी घालून व्हेंटिलेटरवर ठेवायचं का, ते तुम्ही ठरवा. घातली तर परत काढता येईल असं वाटत नाही. नाही घातली तर त्रास कमी करायची औषधं देऊ, झोपेल.
के.: "घालायची. विचारताय काय?"
मी: "त्याला विचारू."
के.: "तो शुद्धीत आहे का, आई?"

१४ जाने.
भेटीच्या वेळेत दोघी आत. जागा होता. मी सगळं सांगितलं, हळूहळू, नळीचं, औषधाचं. ऐकत होता. माझा हात धरला. पकड अजून चांगली आहे. मग मास्कच्या आतून काहीतरी म्हणाला, दोनदा. मशीनच्या आवाजात नीट कळलं नाही.
के. म्हणते, पाणी म्हणाला.
मला 'घरी' ऐकू आलं.
बाहेर बाकावर बसून लिहितेय. के. शेजारी आहे, माझ्या खांद्यावर डोकं टेकून. मॅडम राउंडला आल्या, समोरच्या वॉर्डात आहेत. आता इकडेच येतील, नळीचं काय ठरलं ते विचारायला.