धोंडूबाई वरातीत का तापते

ऐरोली, सेक्टर १९
रविवार, ११ जानेवारी २०२६

प्रिय मुस्तफाचाचा,

सलाम. तब्येत बरी असेल, आणि श्रीवर्धनच्या हवेत खोकला पळाला असेल असं धरून चालते. पत्ता तुमच्या कैनातकडून मिळवला. तिच्यावर रागावू नका, मी छळून छळून तिच्याकडून घेतला. फोन का नाही केला म्हणाल, तर दोनदा केला होता. दोन्ही वेळा तुम्ही "खुश आहेस ना बेटी, मग झालं" म्हणून माझं तोंड बंद केलंत. पत्राला मधेच तोडता येत नाही, म्हणून हे पत्र.

इकडे सगळं ठीक. अंकुर हल्ली घरूनच काम करतो, म्हणजे कानात हेडफोन घालून दिवसभर माझ्या स्वयंपाकघरातले डबे उघडतो. लग्नाला तीन वर्षं होतील, पण नवऱ्याला पोह्यांचा डबा कुठला ते अजून कळलेलं नाही. तिकडे माहेरी, पावणे गावात, आईचा गुडघा कुरकुरतो. बाबांना ऐकू कमी येतं असं आई म्हणते. मला विचाराल तर ते आधीपासूनच कमी ऐकायचे.

आता धोंडूबाईची खबर. बाबांच्या आत्याचं नाव त्या जुन्या अमेरिकन गाडीच्या धूडाला तुम्हीच ठेवलंत, कारण दोघींचाही आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू जायचा. आत्याबाई गेल्या, गाडी आहे. तुम्ही गेल्यापासून मात्र तिने बाबांचा जीव नकोसा केलाय. घरातल्या, गावातल्या प्रत्येक वरातीत तिलाच काढतात. बेंजो सुरू होतो, पोरं नाचायला लागतात, गाडी जागच्या जागी उभी, आणि वीस मिनिटांत बॉनेटमधून वाफ. नवीन रेडिएटर झाला, वॉटर पंप झाला, पंख्याचा पट्टा झाला. पाम बीच रोडवर न्या, थंड. गॅरेजात तासभर चालू उभी ठेवा, तापमानाचा काटा हलत नाही. वरातीत नेली की उकळलीच. शेवटी बाबांनी पुढे लिंबू-मिरची बांधली. त्यानंतरच्या लग्नात ती पण शिजली.

तुम्ही हसत असाल. हसा. पुढचं हसण्यासारखं नाही.

बाबांचं काम पत्र्याचं आणि रंगाचं, इंजिन तुमचं. वीस वर्षं एका शेडमध्ये काम केलंत, पण त्यांनी इंजिनात कधी डोकं घातलं नाही. म्हणून हे सगळं त्यांनी तुमच्या नावावर टाकलं. मुस्तफाने जाता जाता काहीतरी करून ठेवलंय, असं ते पावण्याच्या प्रत्येक गॅरेजात सांगत आले. तुमचं गिऱ्हाईक कसं तुटलं आणि तुम्ही गाव का सोडलंत, ते मला कैनातने सांगितलं. मी तेव्हा "अरेरे" म्हणाले, चाचा. नुसतं "अरेरे."

येत्या महिन्यात माझ्या चुलतभावाचं, प्रणयचं लग्न आहे. गेल्या रविवारी त्याने मला फोनवर माझाच फोटो दाखवला आणि म्हणाला, ताई, गाडीला समोर तुझ्या लग्नासारखाच फुलांचा पडदा लावायचा. माझा तो फोटो इतका फिरलाय की तीन वर्षांत आमच्याकडची एकही वरात त्या पडद्याशिवाय निघालेली नाही. मी तशीच उठले आणि बाबांना घेऊन गॅरेजात गेले.

गाडी चालू करायला लावली. अर्धा तास उभी ठेवली, काटा मधोमध. मग आईची जुनी चादर चौघडी करून समोरच्या जाळीवर बांधली. बाबा म्हणाले, हिला थंडी वाजते का? पंधराव्या मिनिटाला काटा चढायला लागला. मी चादर सोडली, तो हळूहळू उतरला. पळत्या गाडीवर कुणी फुलं बांधत नाही, गॅरेजात कुणी बांधत नाही, फक्त वरातीत बांधतात. मग बाबांनी विचारलं, तुला कसं समजलं?

मला समजलं नव्हतं, चाचा. मला माहीत होतं.

लग्नाच्या दिवशी तुम्ही मला म्हणालात, "बेटी, समोरची फुलं अर्धी काढू. गाडीला वारा लागत नाय." आणि मी रडले. पाचशे झेंडूंचा पडदा, फोटोग्राफर यायचा होता, मी ऐकलं नाही. तुम्ही म्हणालात, बरं, आज तुझा दिवस. मग देवळासमोर गाडी उकळली, बेंजो थांबला, आणि सगळ्या गावादेखत बाबा तुमच्यावर ओरडले, "मुस्तफा, माज्या पोरीची वरात नासवलीस. आजपासना माज्या गारीला हात नको लावू." तुम्ही एकदा माझ्याकडे बघितलंत. मी बांगड्या फिरवत बसले. सासरची माणसं समोर होती, नवरीनेच वरात बुडवली म्हणतील याची भीती वाटली. तुम्ही फडक्याला हात पुसलेत आणि निघून गेलात. एक शब्द बोलला असतात तर सुटला असतात.

हे सगळं मी बाबांना सांगितलं. ते ऑइलच्या डब्यावर बसले. मला वाटलं मारतील. ते म्हणाले, "ती तर पोर होती. मी तुला वीस वर्सा वलखत होतो." हे ते मला नव्हते बोलत, चाचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गॅरेजांच्या रांगेत एकेका दारात उभे राहिले आणि सांगत गेले, चूक मुस्तफाची नव्हती, माझ्या घरची होती. टपरीवाल्यालाही सांगितलं, ज्याला काही माहीतच नव्हतं. मी म्हटलं, पत्रात तुमचीही माफी लिहू का? तर म्हणाले, "तुजी तू लिव. मी चारचौघांत बोललो, मी तोंडाने मागीन."

तर २६ तारखेला सुट्टी आहे, ते धोंडूबाई घेऊन श्रीवर्धनला येतायत. तुमच्या दारासमोर गाडी उभी करणार आणि इंजिन बंद करणार नाहीत म्हणे. मुस्तफा बाहेर येईपर्यंत चालू ठेवीन, तापली तर तापली. मी खूप समजावलं. ऐकत नाहीत.

चाचा, त्यांच्यासाठी लवकर दार उघडा. माझ्यासाठी घाई नको. मी तीन वर्षं गप्प बसले, तुम्हाला हवा तेवढा वेळ घ्या.

तुम्ही जिला त्या दिवशी वाचवलंत ती,
रुतिका