कपाटामागची चित्रं

अहो,

उद्या इन्स्पेक्शन आहे, म्हणून लिहायला बसले. आज रविवार, शाळेत चिटपाखरू नाही. तुमच्याच ड्रॉइंगच्या खोलीत, तुमच्याच डगडगत्या टेबलावर लिहिते आहे. तुम्ही गेल्यावर रडून झालं, नागपूरला जाऊन कोर्स करून झाला, तुमच्या जागी नोकरीला लागून झालं. तुमच्याशी भांडायचं तेवढं राहिलं होतं. ते आज करते.

काल हेडमास्तरांनी खोलीत येऊन सांगितलं, "बाई, उद्या नाही परवा डिप्टीसाहेब येऊन राह्यले. भिंतीवर सगळ्या पोराईची सीनरी लावून घ्या. नेहमीची."

नेहमीची! म्हणजे तुमची फळ्यावरची हो. दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी, काठाला झोपडी आणि नारळाची दोन झाडं. साऱ्या वर्गाची एकसारखी. आपला मध्य प्रदेश गेला, मुंबई राज्य आलं, त्याचं महाराष्ट्र झालं, पण ते नारळाचं झाड काही हललं नाही! राळेगावात नारळ येतो तो देवळात फोडायला. झाडाला लागलेला कोणत्या पोरानं पाहिला, सांगा ना?

तुम्हाला तरी कुठे आवडायचं ते? वर्षभर तुम्ही पोरांना खिडकीशी न्यायचे. "जे दिसते ते काढ, शेजाऱ्याच्या कागदात काय पाह्यतं?" रंग संपले की पळसाची फुलं उकळायचे, गेरू कुटायला लावायचे. ब्रश पुरले नाहीत तर बाभळीची काडी चावून हातात द्यायचे. पाण्याचा डबा ज्यानं सांडला त्यानंच पुसायचा, आणि पुढच्या तासाला पाणी वाटायचा मान त्यालाच. छडी कधी उचलली नाही तुम्ही. शेजारचे गुरुजी डोकावून जायचे, पोरं एवढी चूप काहून बसली म्हणून. मी ते सगळं तसंच चालवते.

आणि इन्स्पेक्शन आलं की? सगळी खरी चित्रं कपाटामागे! मी तुमचा डबा घेऊन यायची, तेव्हा दारातून पाहायची. "साहेब जाऊ दे, मग काढू बाहेर," असं पोरांना सांगायचे. कधी काढली हो? एकदा तरी? ज्याचं चित्र मागे जायचं, त्याच्या तोंडाकडे तुम्ही पाहायचे नाही. मी पाहायची.

भित्रे होते तुम्ही. घ्या, लिहिलं! समोर असते तर जीभ रेटली नसती. मला ठाऊक आहे, घर चालवायचं होतं, आपली बेबी लहान होती. पण बेबी अजूनही लहानच आहे, आणि घर आता मी चालवते.

उद्याच्या शेऱ्यावर माझी नोकरी कायम व्हायची की जायची, ते ठरायचं आहे. तेही हेडमास्तरांनी काल ऐकवलं. वर आणखी टेबलावरचं जमनीचं चित्र उचललं. जमनी म्हणजे तांड्यावरून येणारी सातवीतली पोर. तिनं तिची आई, तिची याडी, काढली आहे, कापूस वेचून घरी येणारी. आरशांचा घागरा, डोक्यावर गाठोडं. हेडमास्तर खो खो हसले. "पाय पाहा केवढे! हत्तीचे हायेत का?"

जमनी तिथंच उभी होती. म्हणाली, "याडीचे पाय मोठेच हायेत, सर. हे तं लहान झाले. कागद पुरला नाही."

अगं बाई! मला हसू आवरेना. हेडमास्तरांचं तोंड मात्र उतरलं. "हे टाका कपाटामागं. तुमच्या यजमानांनी आम्हाले असा त्रास कधी देल्ला नाही, बाई."

"त्यांनी देल्ला नाही, म्हणून मी देऊन राह्यली," मी म्हटलं.

आज सकाळी येऊन कपाट ओढलं. एकटीनं! कंबर अजून ठणकते आहे. वाळवीनं खाल्लं ते झटकलं, उरलं ते पुसलं, आणि जुनी-नवी सगळी चित्रं भिंतीवर ठोकली. टाचण्यांनी नाही, खिळ्यांनी. घाईघाईत उतरवायला गेलं तर कागद फाटेल, आणि साहेबांसमोर लेकराचं चित्र फाडायची छाती कोणाची आहे, ते मलाही पाहायचं आहे. जमनीची आई बरोबर दारासमोर लावली. आत येणाऱ्याला आधी तिचे पायच दिसतील. कपाट खोलीच्या मधोमध ठेवलं आहे, म्हणजे त्याच्यामागे काही लपवताच यायचं नाही.

त्या गठ्ठ्यात तुमचंही एक निघालं, रेघेवरूनच ओळखलं. पोरांत बसून काढलेलं, जिनिंगच्या फाटकाशी कापसाच्या गाड्यांची रांग आणि गाडीखाली झोपलेला धुरकरी, गाडी हाकणारा. किती गोड झोपला आहे तो! प्रत्येक पोराच्या चित्राखाली त्याचं नाव आहे, तुमच्या चित्राखाली नाही. स्वतःचंही लपवलं तुम्ही. याचा मला सगळ्यात जास्त राग आला, आणि रडूही आलं.

तुमचं नाव मी तरी कुठे घेतलं म्हणा! लग्नात उखाण्यात एकदा घेतलं, तेही मावशीनं चिमटा काढला म्हणून. मग जन्मभर "अहो" आणि "बेबीचे बाबा". माझ्या सहीत ते येतं, पण तोंडानं कधी घेतलं नाही. तुम्ही गेल्यावरही नाही. आत्ता रिकाम्या खोलीत घेऊन पाहिलं. नारायण. छान वाटतं की हो! काहून नाही घेतलं इतके दिवस?

तर ऐका. नोकरी राहो की जावो, या खोलीतलं चित्र आता कपाटामागे जायचं नाही, पोरांचंही नाही अन् तुमचंही नाही. तुमचं मी जमनीच्या आईशेजारी लावलं आहे. उद्या साहेब विचारतील, "हे कोणाचं?" तेव्हा साऱ्या वर्गासमोर, हेडमास्तरांच्या तोंडावर, मी तुमचं नाव घेईन. उखाणा न जोडता. मोठ्यानं.

तुमची,
सुमन
ड्रॉइंगच्या बाई